धाकलं कोर्ट

तारीख अकरा फेब्रुवारी. रक्कम चार लाख शहाण्णव हजार चारशे. हजर तिघे : वकीलसाहेब, माझी पत्नी आणि मी. जागा महागावातली, वकीलसाहेबांच्या घराची ओसरी. वेळ सकाळची, कारण जेवणानंतर ते कोणाशी आकड्यांवर बोलत नसत. पोट भरलं की माणूस उदार होतो आणि उदार माणसानं दावा लिहू नये, असं त्यांचं म्हणणं.

"साहेब, इथं पाच लाखांपर्यंत चालतं ना?" मी विचारलं.

"चालते."

"मग अजून तीन हजार सहाशे बसतात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बसतात म्हणून भरता का, सचिव? हा काय कापसाचा ट्रक हाय?"

मी फुलसावंगीला सोसायटीचा गटसचिव आहे. पीककर्जाच्या याद्या करण्यात माझी वीस वर्षं गेली. रिकामी जागा दिसली की ती भरावी असं मला वाटतं. ते त्यांना पहिल्या भेटीतच कळलं होतं, आणि मग त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'सचिव' होतो. रागावले की 'सचिवसाहेब'.

या चार लाख शहाण्णव हजार चारशेच्या मागे आमचा तीन आठवड्यांचा खल होता. तेव्हा पाच लाखांपर्यंतचे दावे तालुक्याच्या कोर्टात, म्हणजे महागावच्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालत. त्याच्या वरचे पुसदला, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे. आमच्या नुकसानीचा खरा हिशेब सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे होत होता. महागावात राहायचं तर एक लाख ब्याण्णव हजार सोडायचे, सगळे मागायचे तर पुसदला जायचं. प्रश्न एवढाच होता. पण त्याने माझ्या घरात चूल आणि झोप दोन्ही बिघडवली होती.

वकीलसाहेब तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. अंगाने सडपातळ, आवाज मात्र भरलेला. एक कागद तीनदा वाचत : एकदा आपल्यासाठी, एकदा न्यायाधीशासाठी, एकदा पलीकडच्या वकिलासाठी. ओसरीवर त्यांच्या टेबलावर एक तराजू असे, बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून आणलेला, पितळी वजनांचा. दावा टाइप होऊन आला की ते तो कागदपत्रांसकट तोलत. पाव किलोच्या वर गेला की परत लिहायला बसत.

"जड दावा न्यायाधीश उचलत नाही," ते म्हणत. "शिपाई उचलते. आन् शिपायाचा निकाल कोर्टात चालत नाही."

त्यांच्या घरी पक्षकाराला एकच खुर्ची होती. ज्याचं दुखणं, तो खुर्चीवर. बरोबर आलेल्यांनी अंगणात पेरूच्या झाडाखाली बसायचं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीप्रमाणे मीच सांगायला सुरुवात केली. माझ्याजवळ तारखा होत्या, बिलं होती. त्यांनी माझं एक वाक्य ऐकलं आणि विचारलं, "हात कोनाचा मोडला?"

"हिचा."

"मग तुम्ही पेरू खा जा."

मी अर्धा तास पेरूखाली बसलो. झाडावर एकही पेरू नव्हता. आत माझी पत्नी बोलत होती, आणि मला न सांगितलेल्या दोन गोष्टी तिने त्यांना सांगितल्या, हे मला दावा वाचताना कळलं. एक म्हणजे तिला आता वेणी घालता येत नाही, शेजारीण घालून देते. दुसरी म्हणजे कात्री हातातून सुटून पायावर पडली तेव्हा तिने ती मशीनच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

घटना आदल्या वर्षीच्या एप्रिलातली. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न गावाजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. वरात दारात आली. आमच्याकडे नवरदेवाला दारातच ओवाळतात, आणि थोरली काकू म्हणून आरतीचं ताट माझ्या पत्नीच्या हातात होतं. दारावर कार्यालयाची लोखंडी कमान होती, कायमची, मालकाने बसवलेली. वावटळ उठली. फार मोठी नव्हती, मांडवाचं कापड फडफडलं इतकीच. कमान तिरपी झाली आणि खाली आली. नवरदेव एक पाऊल मागे होता. पत्नीने ताट सोडलं नाही, म्हणून उजवा हात वर होता, आणि त्या हातावर लोखंड पडलं. नांदेडला दोन ऑपरेशनं झाली. हाड जुळलं, पण बोटं कात्रीवर मिटत नाहीत. ती ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवायची, महिन्याला नऊ हजार सुटायचे. आता कडा दुमडणं, बटणं लावणं, एवढंच होतं.

कार्यालयाचा मालक दवाखान्यात एकदा आला, नारळपाणी घेऊन. "वारं काय आमच्या हातात हाय का वयनी?" म्हणाला, आणि गेला.

वकीलसाहेबांनी हिशेबाला बसवलं तेव्हा मात्र मला ओसरीवर बोलावलं. दवाखाना आणि औषधं एक लाख चौसष्ट हजार चारशे, पावत्यांसकट. दहा महिन्यांचं बुडालेलं शिवण नव्वद हजार. पुढचं नुकसान महिन्याला चार हजार, आठ वर्षं धरली तर तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. वेदनेचे पन्नास हजार. "वेदनेले पावती नसते," ते म्हणाले, "म्हणून तिथं हात आखडाचा. बाकी पावत्या पाहून न्यायाधीशाले आपल्यावर भरोसा बसला पायजे."

मग त्यांनी सांगितलं की आठ वर्षांतली चार सोडली तर दावा महागावात बसतो. "पन ध्यानात ठेवा, सोडलेलं परत येत नाही. आज चार वर्षं सोडली आन् उद्या पुसदले जाऊन मागतो म्हनाल, तर तिथं कोनी उभं करनार नाही."

माझी पत्नी अजून पहिल्याच शब्दावर अडली होती. दाव्याच्या मसुद्यावर वर लिहिलं होतं : दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, महागाव यांचे न्यायालयात.

"साहेब," ती म्हणाली, "माहा हात कनिष्ठ हाय का?"

मला वाटलं ते चिडतील. 'धाकलं कोर्ट' आणि 'मोठं कोर्ट' हे शब्द त्यांच्या ओसरीवर कोणी काढले की ते ऐकवत, "काहून, तिथला न्यायाधीश बुटका हाय का? पाटावर उभा राहून निकाल देते का?" एकदा ढाणकीकडचा एक गृहस्थ शेजाऱ्याच्या बकरीने दीड तास कापूस खाल्ला म्हणून आला होता आणि मोठ्याच कोर्टात जायचं म्हणून हटून बसला होता. वकीलसाहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं, जा, पण बकरी पुरावा आहे, ती दर तारखेला बसने न्यावी लागेल, तिचं अर्धं तिकीट. गृहस्थ उठून गेला. पुढे कळलं की त्याने शेजाऱ्याशी गावातच मिटवलं.

पण माझ्या पत्नीवर ते चिडले नाहीत. त्यांनी मसुदा उलटा ठेवला. "बाई, हा शब्द तुमच्या हाताचा नाही. आकड्याचा हाय. तिथं बसते त्याले बी तोच कायदा, पुसदले बसते त्याले बी तोच. कनिष्ठ हाय तो फक्त पैसा. तुमी लिहिलेला पैसा."

"मग मी कमी कायले लिहू?"

हा प्रश्न त्यांना आवडला होता. आवडलेल्या प्रश्नाचं उत्तर ते लगेच देत नसत. "पुढच्या आठवड्यात या," म्हणाले.

त्या आठवड्यात माझा साळा पुसदहून आला. त्याचं तिथे बियाण्यांचं दुकान आहे, आणि दुकानात वकील, डॉक्टर, पुढारी सगळे येतात, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. त्याने मसुदा पाहिला आणि हसला.

"भाऊजी, तुमाले खरं कारन माहीत नाही. तुमचा तो म्हातारा पुसदले उभा राहत नाही. तिथल्या बारमंदी त्याचं कोनाशी पटत नाही. म्हनून तो सगळ्याईचे दावे पाच लाखाच्या आत कोंबून राह्यला. तुमच्या बाईचे दोन लाख त्याच्या पायाच्या दुखण्यापायी चालले."

"त्यांचा पाय दुखत नाही," मी म्हणालो.

"मग डोकं दुखत असन. नऊ लाखाचा टाका. मोठ्या कोर्टात नऊ मागतले तं सहा भेटतेत. धाकल्या कोर्टात पाच मागतले तं तीन."

मला त्याचा हिशेब पटला नाही, नऊ कुठून आले हे तो सांगू शकत नव्हता. पण त्याचा संशय माझ्या डोक्यात बसला. चार वर्षं म्हणजे एक लाख ब्याण्णव हजार. ते एखाद्या माणसाच्या सोयीसाठी जाणार असतील, तर ते माझे नव्हते, तिचे होते. मी ठरवलं की तोंडावर विचारायचं. मला आडून विचारता येत नाही.

पुढच्या भेटीत मी पेरूखाली जाण्याआधीच विचारलं, "साहेब, लोक म्हणतात तुम्हाला पुसदला जायचं नसतं म्हणून तुम्ही दावा इथे ठेवता. खरं आहे का?"

पत्नीने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. वकीलसाहेबांनी तराजूचं एक पारडं बोटाने दाबलं, सोडलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "मले पुसद आवडत नाही. तिथले तिघं-चौघं मले हासतात, मी बी त्याईले हासतो. बसमंदी मले मळमळते. म्हनून माह्या सल्ल्यात माही सोय शिरली नसन, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तुमी बरं विचारलं."

मग त्यांनी खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला. "हा पुसदचा. मले सगळ्यात जास्त हासते तो. पन दिवानी दाव्यात त्याच्यासारखा मानूस या पट्ट्यात नाही. त्याले विचारून या. त्याची सल्ल्याची फी हजार हाय. ती मी देतो, कारन शंका माह्यावर हाय."

मी पैसे घेत नव्हतो. ते म्हणाले, "सचिवसाहेब, घ्या." मी घेतले.

पुसदच्या वकिलांचं कार्यालय काचेचं होतं, थंड. त्यांनी चिठ्ठी वाचली, हसले, आणि खरोखर चांगला सल्ला दिला. सहा अठ्ठ्याऐंशीचा हिशेब स्वच्छ आहे, म्हणाले, फक्त वेदनेचा आकडा वाढवा, पुढची वर्षं दहा धरा, आणि वरिष्ठ स्तरापुढे नऊ लाखांचा दावा लावा. चार वर्षं सोडायचं काही कारण त्यांना दिसत नव्हतं. "साक्षीदार कोण?" त्यांनी विचारलं. आम्ही याडीचं नाव सांगितलं. "भांडी घासणारी? मग तिला चांगली तयार करून आणा. इथे उलटतपास सोपा नसतो."

याडी म्हणजे तांड्यावरची म्हातारी. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई, आणि फुलसावंगीत तिला सगळेच याडी म्हणत, तिच्याहून मोठे लोकसुद्धा. ती लग्नाच्या दिवशी कार्यालयात भांड्यांवर होती. कमानीबद्दल तिला काही माहीत आहे, एवढं पत्नीला कोणीतरी सांगितलं होतं, पण तोवर ती कोणाशी बोलली नव्हती.

पुसदहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी पत्नी एकटीच तांड्यावर गेली. मला 'चला' म्हणाली नाही. परत आली तेव्हा तिने जे सांगितलं ते मी शक्य तितकं तिच्याच शब्दांत लिहितो.

लग्नाच्या सकाळी याडीने ओलं फडकं वाळायला कमानीच्या पायाला बांधलं, तेव्हा पाय हलला. खाली बोल्ट नव्हते, फक्त भोकं होती. तिने मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, दोन दगड लावून दे. तिने दोन दगड आणून लावले.

"म्या लावले बेटी," ती पत्नीला म्हणाली. "दगड माह्या हातानं लागले. म्हनून मी गप होती. उद्या कोर्ट म्हनन, कमान तूच पाडली."

पत्नीने तिला विचारलं, कोर्टात सांगशील का?

"कोन्त्या?"

"पुसदच्या."

याडीने मान हलवली. पुसदला ती आयुष्यात तीनदा गेली होती, तिन्ही वेळा दवाखान्यात. तिथे काळ्या कोटातल्या माणसाने दगडांचं विचारलं तर तोंडातून शब्द निघणार नाही, म्हणाली.

"आन् महागावच्या?"

"महागावच्या कोर्टाच्या गेटावर मी सीताफळं इकते," याडी म्हणाली. "दर हंगामात. तिथला शिपाई मले उधार मांगते. वकील लोकं बी घेतात, भाव पाडून मांगतात. तिथं मले कोनाचं भेव? तिथं सांगन."

हे सांगून माझी पत्नी स्वयंपाकघरात गेली, आणि तिथूनच म्हणाली, "चार वर्षं सोडा."

मी हिशेब मांडायला लागलो. साक्षीचे समन्स निघते, कोर्ट बोलावू शकते, भीती हळूहळू जाते, पुसदचे वकील तयारी करून घेतील. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तयार करून आना, म्हनले ते. याडी तयार केली तं ती याडी राहीन का? अन् तिच्याबिगर आपल्याजवळ काय हाय? वारं अन् लोखंड. वाऱ्याचं तं मालकच सांगून राह्यला."

याडीवाचून नऊ लाखांचा दावा हा पावत्यांचा गठ्ठा होता.

म्हणून अकरा फेब्रुवारीला आम्ही त्या ओसरीवर होतो. वकीलसाहेबांनी सगळं ऐकलं. आपलंच खरं निघालं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही. उलट म्हणाले, "हे कारन माह्याजवळ नव्हतं. माहं कारन याच्यापेक्षा हलकं होतं." दाव्यात एक परिच्छेद घातला : वादी आपल्या मागणीचा एक लाख ब्याण्णव हजारांचा भाग स्वखुशीने सोडून देत आहे. तो त्यांनी पत्नीला मोठ्याने वाचायला लावला. मग दुसऱ्यांदा वाचायला लावला.

"स्वखुशीने म्हनाले अडखळल्या तुमी," ते म्हणाले. "खुशी नसन तर सांगा."

"खुशी कशाची साहेब," ती म्हणाली. "पन स्वतःहून सोडून राह्यली."

त्यांनी 'स्वखुशीने' खोडून 'स्वतःहून' लिहिलं. सही तिने डाव्या हाताने केली. त्या वेळी तिला ते नुकतंच जमू लागलं होतं.

मालकाने पुसदचे वकील लावले. सल्ला दिला ते नव्हेत, दुसरे. त्यांचा पहिलाच अर्ज अधिकारक्षेत्राचा होता. वादीचं नुकसान दवाखान्याच्या कागदांवरूनच पाच लाखांच्या वर दिसते, तेव्हा हा दावा या कोर्टात चालू शकत नाही, तो पुसदला दाखल करण्यासाठी परत करावा, असं त्यांचं म्हणणं. ते अर्धा तास बोलले. हात कसा कायमचा अधू झाला आहे, शिवणकाम कसं कायमचं गेलं आहे, आठ काय पंधरा वर्षांचं नुकसान कसं धरता येईल, हे त्यांनी आमच्यापेक्षा चांगलं सांगितलं. मालक मागच्या बाकावर बसून आपल्या वकिलाकडे पाहत होता.

वकीलसाहेब उठले. कोर्टात ते शुद्ध बोलत.

"साहेब, प्रतिवादीच्या विद्वान वकिलांचा मी आभारी आहे. नुकसान आम्ही लिहिलं त्यापेक्षा जास्त आहे, हे त्यांना मान्य दिसते. त्यांनी तेवढं लेखी द्यावं. जास्तीचा भाग वादीने सोडला आहे, परिच्छेद अकरा. सोडण्याचा हक्क तिचा आहे. घ्या म्हणण्याचा हक्क प्रतिवादीला असेल, तर त्यांनी तो बाहेर येऊन बजावावा, आम्ही नाही म्हणणार नाही."

न्यायाधीशबाई तरुण होत्या. त्या हसल्या नाहीत, पण लिहिणं थोडं थांबलं. अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर मालक त्याच्या वकिलाला विचारत होता, "तुमी कोनाकडून हाय?"

याडीची साक्ष पुढच्या वर्षी झाली, सीताफळांच्या दिवसांत. ती टोपली शिपायाजवळ ठेवून आत आली. पुसदच्या वकिलांनी सरळ दगडावरच हात घातला.

"दगड कोणी लावले?"

"म्या."

"म्हणजे कमान पक्की नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. मले बी माहीत होतं, मालकाले बी माहीत होतं. मी रोजानं होती बापू. मालक कोन होता?"

वकिलांनी विषय बदलला. वादी कमानीखाली कशाला उभी राहिली, असं विचारलं. हा प्रश्न खरं तर याडीसाठी नव्हता, पण तिने उत्तर दिलं, "मंग नवरदेवाले मागच्या दारानं ओवाळाचं होतं का?" ती खाली उतरली तेव्हा न्यायाधीशबाई तिला म्हणाल्या, "बसा आजी, पाणी प्या." याडी म्हणाली, "नाही बाई, फळं उन्हात हायेत."

वकीलसाहेबांनी त्या दिवशी तिच्याकडून सगळी टोपली घेतली. भाव न पाडता. मग ती सीताफळं खायला त्यांना पंधरा दिवस लागले असावेत. बिया थुंकायला ते ओसरीच्या टोकाशी जात, आणि माणूस समोर बसलेला असला तरी बोलणं तिथूनच चालू ठेवत.

निकालात कोर्टाने मालकाचा निष्काळजीपणा मान्य केला. दवाखान्याचे एक लाख चौसष्ट हजार चारशे पूर्ण. शिवणाचे महिन्याला नऊऐवजी सात हजार दोनशे धरून बहात्तर हजार. पुढच्या चार वर्षांचे महिन्याला तीन हजारांनी एक लाख चव्वेचाळीस हजार. वेदनेचे तीस हजार. एकूण चार लाख दहा हजार चारशे, दावा दाखल झाल्यापासून सहा टक्के व्याज, आणि खर्च.

मी खुश होतो. वकीलसाहेब नव्हते. महिन्याच्या हजार रुपयांनी त्यांचं मन खाल्लं. "चारचे तीन केले न्यायाधीशबाईनं," ते म्हणत राहिले. "मी शिलाईचे भाव नीट दाखवले नाहीत." माझ्या पत्नीने त्यांना विचारलं, "साहेब, पुसदले गेलो असतो तं?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "जास्त भेटलं असतं, किंवा काहीच नसतं भेटलं. हे कोनी सांगतो म्हनन तर तो वकील नाही, भगत हाय."

निकाल लागला म्हणजे पैसे येतात असं नाही. मालकाने आज देतो, उद्या देतो केलं. वकीलसाहेबांनी वसुलीची दरखास्त दाखल केली, कार्यालयाच्या जप्तीची मागणी केली. नोटीस निघाली त्याच महिन्यात, थंडीत, ते गेले. झोपेत. आम्ही मातीला गेलो. पुसदहून तिघं-चौघं वकील आले होते. काचेच्या कार्यालयातले गृहस्थ रिकाम्या हातांनी बाजूला उभे होते.

जप्तीचा माणूस खुर्च्या मोजायला गेला, तेव्हा मालकाने पैसे भरले. सव्वातीन वर्षांचं व्याज ऐंशी हजार अठ्ठावीस. मुद्दल आणि व्याज मिळून चार लाख नव्वद हजार चारशे अठ्ठावीस. खर्चाचे एकवीस हजार तीनशे पन्नास. एकूण पाच लाख अकरा हजार सातशे अठ्ठ्याहत्तर.

मी आकडा वाचून दाखवला. पत्नी म्हणाली, "पाचाच्या वर गेलं की. आता हे पुसदले जाऊन घ्या लागते का?"

नाही लागत, मी तिला सांगितलं, पाच लाखांत व्याज आणि खर्च धरत नाहीत. पण ती मला विचारत नव्हती. ज्यांना विचारलं असतं ते नव्हते.

फीचे वीस हजार द्यायचे राहिले होते. पैसे हाती आल्यावर द्यायचे, असं ठरलं होतं. आम्ही दोघं महागावला गेलो. वकीलसाहेबांच्या पत्नी ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, आधी आत जाऊन चहा ठेवला.

"सांगून गेले होते ते," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "फुलसावंगीचे सचिव येतीन. बरोब्बर आनतीन. मोजजो नको, त्याईले वाईट वाटन."

त्यांनी मोजले नाहीत. माझ्या पत्नीनेच त्यांच्यासमोर मोजून दाखवले, डाव्या हाताने, हळूहळू.

पाच लाख अकरा हजार सातशे अठ्ठ्याहत्तर रुपये महागावच्या कोर्टातून माझ्या पत्नीला मिळाले. त्यातले वीस हजार वकीलसाहेबांच्या पत्नीला पोचले.